मानेचं ऑपरेशन थांबवून अँटीबॉडीची वाट पाहू का?

पत्र: "बाबांना (वय ५४) जिभेच्या उजव्या कडेला कॅन्सर निघाला आहे. गाठ अडीच सेंटिमीटरची. एमआरआयमध्ये मानेतल्या गाठी लागलेल्या दिसत नाहीत. तरीही सर्जन म्हणतात, जिभेबरोबर मानेतल्या गाठीही काढू. आत्या म्हणते, 'चाकू लागला का तो भडकते.' त्यात मामेभावाने एक बातमी पाठवली: पेशीच्या आवरणावर एक प्रथिन असतं, ते अँटीबॉडीने बंद केलं की तोंडाचा कॅन्सर पसरतच नाही, आणि ते प्रथिन चरबीवर जगतं. तेव्हापासून घरात बाबांचं दूध-तूप बंद. एका खाजगी दवाखान्यात चौकशी केली तर 'इम्युनोथेरपीने ऑपरेशन टळू शकेल, काही लाख लागतील' असं सांगितलं. ऑपरेशनची तारीख दहा दिवसांवर आहे आणि बाबा म्हणतात, पुढे ढकल. खर्रा सोडला म्हणतात, पण आता बिनतंबाखूचा पन्नीत घोटून आणतात. तसा मीही कधीमधी खातो. काय करू?" — अ., नंदनवन, नागपूर

प्रिय अ.,

तारीख पुढे ढकलू नका. बाकीचं सगळं त्यानंतर बोलू.

मामेभावाची बातमी खोटी नाही, हे आधी सांगून टाकतो. घरात तुमची बाजू त्यामुळेच अवघड होते. थाप असती तर झटकता आली असती. बार्सिलोनाच्या साल्वादोर अझनार बेनिताह यांच्या गटाचं हे काम जानेवारी २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. माणसांच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी त्यांनी उंदरांच्या तोंडात वाढवल्या. त्यातल्या मोजक्याच पेशी मानेच्या गाठींपर्यंत (सगळ्यांच्याच मानेत असणाऱ्या लसिकेच्या छोट्या ग्रंथी) पोचून तिथे मूळ धरत होत्या, आणि त्या पेशींच्या आवरणावर सीडी-३६ नावाचं प्रथिन भरपूर होतं. हे प्रथिन बाहेरची स्निग्धाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, आत ओढून घेतं. उंदरांना चरबीदार खाणं दिलं तर मानेतला कॅन्सर जास्त फोफावला. सीडी-३६ला अडवणारी अँटीबॉडी दिली तर पसरणं खूप कमी झालं, आणि आधीच मानेत पोचलेला कॅन्सरही काही उंदरांत नाहीसा झाला. तोंडाच्या कॅन्सरच्या माणसाला हे वाचून आशा वाटणारच.

पण त्याच कामातली एक गोष्ट फॉरवर्ड होताना गळून पडते. सीडी-३६ अडवल्याने जिभेवरच्या मूळ गाठीच्या वाढीत विशेष फरक पडला नव्हता. म्हणजे हे औषध उद्या सकाळी मेडिकल चौकातल्या दुकानात मिळू लागलं, तरी बाबांची जिभेवरची गाठ काढावीच लागेल. आणि ते मिळत नाहीच. तोंडाच्या कॅन्सरसाठी सीडी-३६ची मान्य झालेली अँटीबॉडी आज बाजारात नाही.

उंदरांत जमलेलं माणसांत का अडतं, ते थोडं समजून घ्या. मामेभावाशी बोलताना कामी येईल. अँटीबॉडी हा पेशीच्या मानाने छोटा, पण साध्या गोळ्यांच्या औषधापुढे अवाढव्य रेणू. तो पेशीच्या आत शिरू शकत नाही. त्याला हात घालता येतो तो फक्त बाहेरून, आवरणावर जे काही उगवलेलं असेल त्याला. म्हणून सगळा शोध आवरणावरच्या प्रथिनांचा चालतो. कॅन्सरची पेशी शेजारणीचा हात सोडते, खालचा पडदा कुरतडते, लसिकेच्या नळीत शिरते, मानेच्या गाठीत उतरते आणि तिथे टिकते. या प्रत्येक पायरीवर अशी प्रथिनं लागतात. कागदावर प्रत्येक पायरीला एक अँटीबॉडी सुचते. अडचण ही की ही प्रथिनं कॅन्सरने नव्याने घडवलेली नसतात. सीडी-३६च घ्या. ते रक्तातल्या प्लेटलेटवर असतं, हृदयाच्या स्नायूत असतं, चरबीच्या पेशींवर असतं, जिभेच्या चवकळ्यांतही असतं. सगळीकडे एकदम अडवलं तर हृदयाचं काय होईल, याचं उत्तर उंदीर देत नाही.

हे नुसतं भीती घालणं नाही, सुरुवातीची आशा माणसांत फसल्याचं झालेलंही आहे. पेशीला हलायला आणि पसरायला मदत करणारं मेट नावाचं आवरणावरचं प्रथिन आहे. त्याच्याविरुद्धची ओनार्टुझुमॅब ही अँटीबॉडी सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत आशादायक वाटली होती. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये मोठी चाचणी घेतली तेव्हा फायदा दिसेना, आणि २०१४ मध्ये ती थांबवावी लागली. अशा थांबलेल्या चाचण्यांच्या बातम्या कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता उलट बाजू. माझं सगळं आयुष्य पॅथॉलॉजीत गेलं. या तऱ्हेच्या औषधांवर माझा विश्वास बसला तो काचपट्टीवर बघून. स्तनाच्या कॅन्सरच्या तुकड्यावर हर-टू या प्रथिनासाठी खास रंग चढवतात. जिथे ते प्रथिन खूप असतं तिथे प्रत्येक पेशीच्या कडेने पूर्ण, गडद तपकिरी रेघ उमटते. पेशीचा मधला भाग मात्र फिक्कटच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती जाळी बघितली की रिपोर्टवर 'तीन प्लस' लिहायला दुसरं मत लागत नाही. डेनिस स्लॅमन यांनी १९८७ मध्ये दाखवलं की हर-टू वाढलेले कॅन्सर जास्त आक्रमक असतात. त्याविरुद्धची ट्रास्टुझुमॅब ही अँटीबॉडी १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. २००५ मध्ये छापलेल्या चाचण्यांत, ऑपरेशननंतर ती दिलेल्या बायकांमध्ये कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. भारतीय कंपनीने बनवलेलं तिचं स्वस्त रूप २०१४ पासून आपल्याकडे मिळतं. पसरणं रोखणारी अँटीबॉडी हे स्वप्न त्या कॅन्सरपुरतं खरंच उतरलं आहे. तरी त्या बायकांपैकी कोणाची गाठ अँटीबॉडीसाठी म्हणून आत ठेवलेली नव्हती. गाठ काढलेली होती, केमोथेरपी होती, आणि त्याच्या जोडीला अँटीबॉडी.

तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये हर-टूची जागा काहीशी ईजीएफआर या प्रथिनाला आहे. त्याविरुद्धच्या सेटुक्सिमॅबची मोठी चाचणी २००६ मध्ये छापून आली. घशाच्या आणि स्वरयंत्राच्या रुग्णांत रेडिएशनबरोबर ती दिल्यावर मूळ जागेवरचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, पण दूर पसरण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. चांगलं औषध आहे, पण तुम्हाला ज्या कामासाठी ते हवं आहे नेमकं ते काम त्याने केलं नाही.

आता मान. सर्जनवर तुमचा राग आहे तो इथेच, की एमआरआय स्वच्छ असताना चिरा कशाला.

कारण एमआरआयला जे दिसत नाही ते आम्हाला दिसायचं. मानेतून काढलेली चरबी आणि गाठी बरणीतून टेबलावर यायच्या. त्या पिवळ्या चरबीत बोटांनी चाचपडून एकेक गाठ वेगळी करायची. बऱ्याच गाठी तीन-चार मिलिमीटरच्या, मसुरीच्या दाण्याएवढ्या, हाताला मऊ. सगळ्या अगदी साध्या वाटायच्या. दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर त्यांपैकी एखादीच्या कडेला, कवचाच्या अगदी आत, पन्नास-शंभर गुलाबी पेशींचा पुंजका बसलेला असायचा. एवढा पुंजका कुठल्याही स्कॅनमध्ये पकडता येत नाही.

यावर जगातलं सर्वात भक्कम उत्तर मुंबईतून आलं. टाटा मेमोरियलचे डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तुमच्या बाबांसारखेच रुग्ण घेतले: तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, बहुतेकांचा जिभेचा, मानेत काही लागत नाही. निम्म्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, उरलेल्यांच्या मानेत गाठ वर आली तरच. २०१५ मध्ये निकाल छापला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. आजार न उलटता जगणारे पहिल्या गटात ६९.५ टक्के, दुसऱ्यात ४५.९ टक्के. आणि ज्यांची मान आधी 'स्वच्छ' ठरली होती, तरी गाठी काढल्या, त्यांच्यातल्या दहापैकी साधारण तिघांच्या गाठीत कॅन्सर सापडला. ही माणसं आपल्यासारखीच, पुष्कळशी तंबाखू-सुपारी खाणारी. परदेशी आकडे आपल्याला लागू होतील का, ही शंका इथे उरत नाही. बाबांच्या कॅन्सरला पसरण्यापासून रोखणारं, माणसांवर सिद्ध झालेलं साधन आज हेच आहे, आणि ते दहा दिवसांवर आहे.

मानेच्या ऑपरेशनची किंमतही आहे, ती लपवून बाबांना तयार करू नका. मानेवर व्रण राहील, काही दिवस ड्रेनची (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी) नळी असेल, कानाखाली आणि हनुवटीखाली बधिरपणा बराच काळ राहू शकतो. खांद्याला हात वर करायला मदत करणारी नस तिथूनच जाते. ती जपतात, पण ओढली गेली तर खांदा जड होतो. डिस्चार्जच्या आधी फिजिओथेरपिस्टला भेटून व्यायाम लिहून घ्या. बोलणं सुरुवातीला बोबडं होईल, बहुतेकांचं बरंचसं सुधारतं. ऑपरेशनआधी दंतवैद्याकडे एकदा जाऊन या. पुढे रेडिएशन लागलं तर किडलेले दात नंतर काढणं जिकिरीचं असतं, आणि रेडिएशन लागलंच तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. ते लागणार की नाही हे काढलेल्या भागाच्या रिपोर्टवर ठरेल: जिभेवरची गाठ किती मिलिमीटर खोल गेली, तिच्या कडा मोकळ्या आहेत का, मानेतल्या किती गाठी लागल्या, त्यांचं कवच फुटलं आहे का. रिपोर्ट हातात आला की या चार गोष्टी शोधा.

आत्याबाईंना दोष देणार नाही. चाकू लागून 'भडकलेली' माणसं त्यांनी पाहिली असतील. विदर्भात कितीतरी माणसं तोंड उघडेना, अन्न गिळेना, तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढतात. तोवर कॅन्सर मानेत उतरलेला असतो. ऑपरेशन होतं, काही महिन्यांत तो उलटतो, आणि नाव चाकूचं होतं. अर्धवट काढलेली गाठही उलटते, त्यात चाकू लागला हा दोष नसतो, तो पुरता चालला नाही हा असतो. आत्यांना एवढंच विचारा: त्यांनी पाहिलेल्यांपैकी कोण फोड आल्याबरोबर दवाखान्यात गेलं होतं?

इम्युनोथेरपीचं काय? तीही अँटीबॉडीच असते, फक्त ती कॅन्सरच्या पेशीवर बसत नाही. आपल्याच संरक्षक टी-पेशींच्या आवरणावर पीडी-वन नावाची खिटी असते, कॅन्सर ती लावून त्यांना गप्प बसवतो. ही अँटीबॉडी त्या खिटीला कॅन्सरचा हात लागू देत नाही. हे औषध खरं आणि काही जणांसाठी फार मोलाचं. जून २०२५ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबला डोकं-मानेच्या, ऑपरेशन करता येण्याजोग्या पण पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली: ऑपरेशनआधी दोन डोस, मग ऑपरेशन, मग रेडिएशन आणि पुढचे डोस. तीन वर्षांनी आजार न उलटलेले ५७.६ टक्के, नेहमीच्या उपचारात ४६.४ टक्के. दूर पसरणंही कमी झालं. पण ते रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले होते. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचे बाबा दुसऱ्या टप्प्यात दिसतात. आणि त्या चाचणीतही ऑपरेशन टाळायचा बेत नव्हताच. 'इम्युनोथेरपीने ऑपरेशन टळेल' असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांच्याकडून तेच वाक्य लेटरहेडवर सहीनिशी लिहून मागा. बहुधा मिळणार नाही.

लाखांच्या आकड्याबद्दल आणखी एक. टाटाच्याच डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवलं की ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांत निवोलुमॅबचा अगदी छोटा, २० मिलिग्रॅमचा डोस तीन आठवड्यांनी एकदा, स्वस्त गोळ्यांच्या उपचाराबरोबर दिला, तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. नेहमीचा डोस याच्या दसपट आणि त्याहून जास्त असतो. बाबांना आज याची गरज नाही, कधी पडूही नये. पण कोणी 'पूर्ण डोसच घ्यावा लागेल, घर गहाण ठेवा' म्हणालं तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

आणि नव्या अँटीबॉडीच्या 'ट्रायल'मध्ये घालतो असं कोणी म्हणालं, तर सरकारी क्लिनिकल ट्रायल नोंदणीतला क्रमांक विचारा. ती नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. संमतीपत्र मराठीत हवं. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पैसे मागितले की उठून या.

दुसरं मत हवं असेल तर जरूर घ्या, पण या दहा दिवसांत. तुमच्या घरापासून फार लांब जावं लागणार नाही. तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानमधलं एम्स आहे. बायोप्सीची काचपट्टी आणि मेणाचा ठोकळा (तुकडा त्यातच जपलेला असतो) दोन्ही बरोबर न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच भेटा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण मंजुरी ऑपरेशनआधी घ्यावी लागते. कागदांपायी तारीख गेली असं व्हायला नको.

तूप आजपासून सुरू करा. बातमीतला उंदरांचा आहार म्हणजे मुद्दाम चरबी भरलेला चारा होता. माणसाने वरणभातावर घेतलेलं चमचाभर तूप बंद केल्याने कॅन्सर मानेत जायचा थांबतो, असं कोणी दाखवलेलं नाही. उलट ऑपरेशनआधी वजन उतरलेला रुग्ण जखम भरायला जास्त वेळ घेतो, त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो. या दहा दिवसांत दूध, अंडी, पनीर, मऊ खिचडी, जे घशाखाली उतरतं ते भरपूर द्या. तर्री पोहे झोंबतील, ते राहू द्या. ऑपरेशननंतर काही दिवस नाकातल्या नळीने खायचं आहे, तेव्हा ही शिदोरी कामी येते. मामेभावाचा जीव बाबांवर आहे म्हणूनच त्याने बातमी शोधली. त्याला आहारतज्ज्ञाकडे बाबांबरोबर पाठवा, शोधाशोधीला जागा मिळेल.

आता खर्रा. बिनतंबाखूचा खर्रा सुरक्षित, हा समज आपल्याकडे पानठेल्याच्या फळीवर बसून पक्का झालेला आहे. त्यात उरतं काय? सुपारी आणि चुना. सुपारी एकटीच, तंबाखूशिवाय, माणसात कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. तोंड आवळत नेणारा सबम्युकस फायब्रोसिसही सुपारीचाच. बाबांची जीभ बरी झाली आणि गालात खर्रा चालू राहिला, तर दुसरा कॅन्सर त्याच तोंडात उगवायला मोकळा. तुम्ही लिहिता की ते पन्नीत घोटून आणतात. पन्नी घरात आली की फेकून द्या, भांडण होईल ते होऊ द्या. तलफ अनावर असेल तर निकोटिनचं च्युइंगगम जिभेच्या जखमेवर चालणार नाही, पट्टीबद्दल सर्जनला विचारा. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत तंबाखूमुक्तीचा कक्ष असतो.

आणि तुम्ही. पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंत, म्हणून मीही शेवटी ठेवलं. आरशासमोर उभे राहा, मधली तीन बोटं एकावर एक उभी करून तोंडात घालून बघा. अडकली, किंवा गालाच्या आत पांढरा पट्टा दिसला, तिखट नेहमीपेक्षा जास्त झोंबत असलं, तर बाबांच्या ऑपरेशनची वाट न पाहता मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात सकाळच्या ओपीडीला जा. बोटं सहज गेली तरी एकदा दाखवून या.